पाणक्याचं घर वाटेत लागतं

दारासमोरचा खड्डा बुजावा, एवढीच थोरलीची मागणी होती. मागणी लहान ठेवली की देणाऱ्याला जड जात नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांनी रस्त्याच्या ऑफिसात एकदा जाऊन बघावं. थोरली खड्डा बुजवायला गेली, तर रस्ता गेला, रस्त्यापाठोपाठ नळाचं पाणी गेलं, पाण्यापाठोपाठ शर्यत गेली, आणि शेवटी जी भिंत तिने स्वतः कमरेवर हात ठेवून बांधून घेतली होती ती भिंतही गेली. खड्डा तेवढा राहिला.

खरं तर तो खड्डा तिला कधी खुपला नव्हता. वर्षानुवर्षं दारात होता, घरच्यासारखा झाला होता. पण एके दिवशी मुलाचा फोन आला.

मुलाला सगळी गल्ली चाक्या म्हणते. रांगायचं सोडून तो थेट सायकलवरच बसला, असं थोरली सांगते, आणि तिच्यासमोर कुणी ते खोटं पाडत नाही. आता तो लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत पगारी स्वार आहे. गावोगाव, घाटोघाट, आठवडेच्या आठवडे.

"आई, यंदाची शर्यत आपल्या दारावरून जाणार आहे," चाक्या म्हणाला. "आणि आमच्यात एक रिवाज आहे. ज्याचं घर वाटेत लागतं, त्याला बाकीचे पुढे जाऊ देतात. तो घरच्यांना भेटतो, मागून सगळा घोळका आला की परत त्यात मिसळतो. मी मिनिटभर थांबेन."

"मिनिटभर? मिनिटात तुझ्या बापाला चप्पल सापडत नाही."

"तेवढंच मिळतं, आई."

"बरं. परवा कितवा आलास?"

"टीमचं चांगलं झालं," चाक्या म्हणाला.

हा प्रश्न थोरली प्रत्येक फोनला विचारायची आणि हे उत्तर प्रत्येक फोनला यायचं. टीमचं चांगलं झालं म्हणजे मुलाचं चांगलं झालं, आणि मुलाचं चांगलं झालं म्हणजे मुलगा पहिला आला. थोरलीचं गणित शाळेतलं नव्हतं, पण शिवणीसारखं घट्ट होतं. दुकानात पिशवी शिवायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती मापं घेता घेता सांगायची, "आमचा पहिला येतो."

शर्यत लांबच्या गावाहून सुरू झाली होती, दारापर्यंत यायला अजून बरेच दिवस होते; पण ती दारावरून जाणार म्हटल्यावर शेजारचा पेन्शनर आपली खुर्ची घेऊन थोरलीच्या टीव्हीसमोर येऊन बसला. पेन्शनरने आयुष्यात सायकल चालवली ती ऑफिसपर्यंत, पण शर्यतींचं त्याला सगळं ठाऊक. लोकांना आपल्या घरातलं ठाऊक नसतं आणि दुसऱ्याच्या घाटातलं ठाऊक असतं, तशातला तो.

"हे बघा, हा लाल सदरा घातलेला म्होरक्या," पेन्शनर म्हणाला. "आजपर्यंतच्या हिशोबात सगळ्यांत पुढचा. चाक्याच्याच टीमचा. आणि तो बघा, तो आपला चाक्या!"

थोरली पुढे सरकली. चाक्या पुढे नव्हता. चाक्या मागे मागे येत होता, सगळ्या घोळक्याच्या मागे, टीमच्या गाडीपर्यंत. गाडीतून एक हात बाहेर आला आणि चाक्याला बाटल्या देऊ लागला. एक घेतली, पाठीवर सदऱ्यात खोचली. दुसरी घेतली, खोचली. खोचता खोचता त्याच्या पाठीला उंटासारखा उंचवटा आला. मग तो मान खाली घालून तसाच पुढे गेला आणि एकेकाच्या शेजारी जाऊन बाटल्या वाटू लागला.

"काय करतोय तो?"

"पाणी देतोय. चाक्या पाणक्या आहे, वहिनी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

थोरलीला माहीत नव्हतं. पण माहीत नसलेली गोष्ट माहीत नाही म्हणायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "पुढे सांगा."

पेन्शनरने सांगितलं. म्होरक्याला तहान लागली तर पाणी आणून द्यायचं. वारा समोरून आला तर आपण पुढे व्हायचं आणि त्याला आडोसा द्यायचा. त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं चाक काढून त्याच्या सायकलला लावायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. आणि शेवटी तो जिंकला की टाळ्या वाजवायच्या.

"म्हणजे माझा मुलगा सासरी गेलाय म्हणा की," थोरली म्हणाली.

"तसं नव्हे हो, ह्यातही मान असतो. त्यांचे नियम फार कडक. म्होरक्या पडला तर बाकीचे पळत नाहीत, थांबतात. अगदी आडोशाला उभा राहिला तरी त्या वेळात कुणी पुढे जात नाही."

"चांगलं वळण आहे. मी आडोशाला गेले की दुकानातली कात्री जाते." एवढं बोलून थोरलीने परत टीव्हीकडे पाहिलं. "अहो, हा मुलगा उशाशी पाण्याचं भांडं असताना मला हाक मारायचा. स्वतःच्या हाताने पेला भरून घेतला नाही कधी. आणि तिथे परक्यांना…"

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडे भांडं घासल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजात हसू होतं. भांड्याच्या आवाजातलं हसू फक्त जावेला ओळखू येतं.

भिंतीपलीकडे धाकटी राहते. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. घरं पाठीला पाठ लावून उभी: थोरलीचं तोंड मोठ्या रस्त्याला, धाकटीचं मागल्या गल्लीला. मध्ये एक दार होतं. एकदा धाकटी एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "आमच्या अक्कांची शिवण उसवते." गिऱ्हाईक ते थोरलीला सांगायला मुद्दाम आलं. दार त्याच संध्याकाळी विटांनी बुजलं. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. भांड्यांचं काय बोलणं होईल तेवढंच.

त्या हसण्याने थोरलीचं ठरलं. शर्यतीच्या दिवशी दारात खुर्ची टाकायची. चाक्या पुढून येईल, सगळ्यांच्या पुढून. त्याला खुर्चीत बसवायचं आणि सगळ्या रस्त्यादेखत त्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा. जो जगाला पाणी वाटत फिरतो, त्याला एक मिनिट तरी कुणी बसवून पाणी देतंय, हे लोकांनी बघायला पाहिजे. धाकटीने विशेषकरून. धाकटीचं तोंड मागल्या गल्लीला असलं म्हणून काय झालं, तिला वळसा घालून यावं लागेल.

तर असा तो खड्डा आड आला. नेमका खुर्चीसमोर. पोरगा पुढून भरधाव येणार आणि आईच्या दारात तोंडावर आपटणार, हे चित्र थोरलीला दिसू लागलं. म्हणून ती ऑफिसात गेली.

ऑफिसात पहिल्या खिडकीने तिला दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाची सुट्टी झाल्यावर पहिलीकडे पाठवलं, आणि अखेर कुणीतरी सांगितलं, अर्ज लागेल. थोरलीची शाळा अक्षरओळखीपर्यंत आली आणि तिथूनच परत गेली होती. अर्ज पेन्शनरने लिहिला. खड्डा एवढासा, अर्ज एवढा मोठा. आणि त्यात पेन्शनरने आपल्या सगळ्या नोकरीत वापरायला न मिळालेले दोन शब्द घातले: 'जीवितास धोका'.

हे दोन शब्द वाचून रस्तेवाले साहेब खुर्चीतून उठले. दुसऱ्या दिवशी दारात माणसं, फावडी, आणि एक पिवळं यंत्र. यंत्र बघायला गल्ली जमली. थोरली उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बघा, काम असं करून घ्यायचं असतं." हे वाक्य तिने नंतर फार दिवस मनातल्या मनात परत घेतलं.

"बाई, खड्डा हे नुसतं लक्षण आहे," साहेब म्हणाले. "रोग खाली आहे. पाइप गळतोय."

रोग शोधायला यंत्राने रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडला. पाइप सापडला. सापडला तेव्हा गळत होता, सापडल्यावर फुटला. थोरलीच्या बाजूच्या सगळ्या घरांचं पाणी बंद झालं. उंबऱ्यासमोर चर पडला, त्यावर एक फळी टाकून साहेब गेले, ते एकदम कागद चिकटवायलाच परत आले. कागदावर लिहिलं होतं की रस्त्याच्या कामामुळे शर्यत मोठ्या रस्त्याऐवजी मागल्या गल्लीतून जाईल.

"मागल्या गल्लीतून?" थोरलीच्या तोंडून एवढंच निघालं.

"तुमचाच अर्ज आहे, बाई. जीवितास धोका असलेल्या रस्त्यावरून शर्यत कशी न्यायची?"

भिंतीपलीकडे भांडं वाजलं नाही. नळ वाजला. मागल्या गल्लीचा पाइप वेगळा. धाकटीचं पाणी चालू होतं. ती नळ मुद्दाम मोठा सोडते, असं थोरलीचं म्हणणं. यजमान रोज फळीवरून तोल सावरत कोपऱ्यावरच्या नळाला जायचे आणि बादल्या आणायचे. यजमान म्हणजे थोरलीचे; बोलत नाहीत. लग्नाच्या सुरुवातीला बोलायचे असं ऐकिवात आहे.

"धाकटीकडे मागा की दोन घागरी," पेन्शनर म्हणाला.

"तहानेने जीभ टाळ्याला चिकटली तरी ती त्या घरात मागायला वळणार नाही," थोरली म्हणाली.

आता आली पिशवी. पेन्शनरने टीव्हीवर दाखवलं, वाटेत एका ठरल्या जागी टीमची माणसं खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या धरून उभी राहतात, आणि स्वार न थांबता, हात पुढे करून पिशवी उचलतो. आत खायचं-प्यायचं. थोरलीने त्या पिशव्या जवळ जाऊन पाहिल्या आणि नाक मुरडलं. "ही शिवण? हे तर नुसते टाके घातलेत." जन्म पिशव्या शिवण्यात गेलेली बाई ती. चाक्या थांबला तर खुर्ची आहेच. पण नाहीच थांबता आलं, तर त्याच्या हातात आईची पिशवी तरी पडावी. तिने जाड किंतान घेतलं, पट्टा दुहेरी केला, टोकांना उलटसुलट शिवण मारली. बैल बांधला असता तरी सुटला नसता. आत उकडलेले बटाटे, केळी, मिठाची पुडी.

"एकदा करून बघा," पेन्शनर म्हणाला.

यजमानांनी जुनी सायकल काढली. चराच्या कडेने जेवढा रस्ता शिल्लक होता, तेवढ्यावरून ते लांबून आले. थोरली पिशवी धरून उभी. यजमानांनी हात पुढे केला, पट्टा हातात अडकला; आणि आता पिशवी सोडायची असते हे थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. जन्मात हातातली वस्तू तिने पैसे मिळाल्याशिवाय सोडली नव्हती. सायकल पुढे गेली. यजमान राहिले. मग यजमान चरात गेले. ते पडतानाही काही बोलले नाहीत, ह्याचं गल्लीला फार कौतुक वाटलं.

"पट्टा तुटायला हवा होता," पेन्शनर वरून खाली बघत म्हणाला. "अडकली तर पिशवी सुटली पाहिजे, वहिनी, नाहीतर माणूस जातो. म्हणून ते कच्चं शिवतात."

थोरली त्या दुपारी मशीनसमोर बराच वेळ नुसती बसली. उसवेल अशी शिवण तिने कधी घातली नव्हती, आणि घातली नव्हती हेच सिद्ध करायला मागची भिंत उभी होती. शेवटी तिने पट्टा उसवला आणि एकेरी कच्चा टाका घातला. घालताना दुकानाचं दार लावून घेतलं.

भिंतीबद्दल गल्लीभर सल्ले चालू होते. वळसा घालून जा. धाकटीला निरोप पाठवा. भिंतच फोडा. थोरलीने पेन्शनरला धाकटीकडे धाडलं, की अमुक दिवशी अमुक वेळी तुमच्या घरातून आम्हाला मागल्या गल्लीत जायचं आहे. पेन्शनर परत आला.

"त्या म्हणाल्या, अक्कांना तोंड आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे की आहे. त्यांनी स्वतः सांगावं."

थोरलीने गवंड्याला बोलावलं, तोच ज्याने दार बुजवलं होतं. त्याने अलीकडच्या विटा काढल्या, पलीकडच्या थरावर ठोकून पाहिलं आणि हत्यारं गुंडाळली. "पलीकडे कपाट लावलेलं आहे. ते कोसळलं तर मी दोघींच्या मध्ये सापडेन. त्यापेक्षा मी भूकंपात जाईन." भिंत अर्धी राहिली. थोरलीने त्यावर शिलाई मशीनची खोळ लटकवली आणि ठरवलं, वळसा घालून जायचं. मागल्या गल्लीत धाकटीच्या पायरीला पाय न लावता समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकायची. परका फुटपाथ सरकारचा असतो.

शर्यतीच्या सकाळी थोरली ठेवणीतले कपडे घालून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पेला, मागे यजमानांच्या डोक्यावर खुर्ची, अशी निघाली. फळी ओलांडली. कोपऱ्यावर पोलीस, पोलिसापुढे आडवा बांबू.

"पलीकडे जाता येणार नाही. रस्ता बंद."

"मी स्वाराची आई आहे."

"सकाळपासून आयाच येतायत, बाई. स्वार कमी आणि आया जास्त झाल्यात."

"माझ्याकडे पेला आहे!" थोरली म्हणाली. हा पुरावा तिच्या दृष्टीने पुरेसा होता. पोलिसाच्या दृष्टीने नव्हता.

ती परत आली. फळीवरून येताना पेल्यातलं पाणी, जे यजमानांनी पहाटे कोपऱ्यावरून आणलेलं शेवटचं गाळून भरलं होतं, ते चरात सांडलं. थोरली घरात जाऊन लटकवलेल्या खोळीसमोर उभी राहिली. लांबून भोंगे ऐकू येऊ लागले होते. अख्ख्या आयुष्यात तिने मुलाकडे एकच मिनिट मागितलं होतं, तेही त्यानेच देऊ केलेलं, आणि ते भिंतीपलीकडून निघून जाणार होतं.

मागून आवाज आला, "सरक."

थोरलीला कळेना कोण बोललं. यजमान होते. त्यांच्या हातात हातोडा होता. त्यांनी खोळ बाजूला केली आणि भिंतीवर पहिला घाव घातला, दुसरा घातला, आणि विटा पलीकडच्या कपाटाच्या पाठीला जाऊन आपटल्या. धुरळा उडाला. भोकातून लाकडाची फळी दिसू लागली.

थोरलीने भोकात तोंड घातलं. "अगं, कपाट सरकव."

पलीकडून धाकटीचा आवाज आला, इतक्या वर्षांनी, जरा जाडसर झालेला. "कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? भिंत बोलतेय का?"

"भिंतीचाच आवाज ऐकायची सवय झालीय मला, अक्का. माणसाचा ओळखू येत नाही."

"टोमणे मग मार. शर्यत येतेय. सरकव."

"एकटीला हलत नाही. तुम्ही तिकडून ढकला."

थोरलीने ढकललं, धाकटीने ओढलं. कपाट सरकलं, त्यातल्या दोन बश्या फुटल्या. त्या कुणामुळे फुटल्या यावर अजून मतभेद आहेत. थोरली भोकातून अर्धी गेली आणि अडकली. विटांना मऊपणा नसतो आणि थोरलीला कमीपणा घेता येत नसे. यजमानांनी मागून ढकलावं की नाही याचा विचार केला आणि न ढकलणंच बरं असं ठरवलं. धाकटीने तिचे दोन्ही हात धरून ओढलं. थोरली जावेच्या घरात आली ती चुन्याने पांढरी होऊन, ठेवणीतले कपडे खांद्यावर फाटलेले, हातात पिशवी आणि रिकामा पेला.

दोघी पायरीवर आल्या. गल्ली भरली होती. पेन्शनर बांबू आडवा पडायच्या आधीच वळसा घालून आला होता आणि कानाला रेडिओ लावून पायरीशीच बसला होता. मोटारसायकली गेल्या, गाड्या गेल्या. आणि मग घोळका दिसला.

पुढे चाक्या नव्हता.

थोरलीने पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. रंगीत सदरे, सगळे परके चेहरे. गल्लीतले लोक आधी रस्त्याकडे बघत होते, मग थोरलीकडे बघू लागले, आणि मग सभ्यपणाने कुठेच बघेनासे झाले. ते सगळ्यांत वाईट.

"पेन्शनर," थोरली म्हणाली, "कुठाय तो?"

पेन्शनरने रेडिओ खाली केला. "म्होरक्याचं चाक पंक्चर झालं, वहिनी. गल्लीच्या तोंडाशीच. चाक्या सगळ्यांच्या पुढे निघाला होता, इकडेच यायला. तो परत फिरला. आपलं चाक काढून त्याला दिलं. गाडी येईपर्यंत तिथेच उभा आहे."

थोरलीच्या चेहऱ्यावरचा चुना तेवढा वाळत होता.

लाल सदऱ्याचा म्होरक्या घोळक्यात येऊन मिळाला होता. त्याने गल्लीत शिरता शिरता पायरीकडे पाहिलं, एक चुन्याने माखलेली बाई पेला धरून उभी, आणि बहुतेक त्याच्या लक्षात आलं असावं हे कुणाचं घर. त्याने हात वर केला. वेग मंदावला. मागचे मंदावले, त्यांच्या मागचे मंदावले, आणि अख्खा घोळका धाकटीच्या दारात एक पाय टेकून उभा राहिला. पेन्शनर उठून उभा राहिला. "ज्याच्या घरासमोर उभे आहेत तो येईपर्यंत थांबणार ते," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली.

म्होरक्या जवळ आला. पोरगेलासा होता; टीव्हीवर मोठा दिसायचा. ओठ फुटलेले, गालावर मीठ सुकलेलं. त्याने आपली बाटली उलटी करून दाखवली. रिकामी. त्याच्या टीमच्या बाकीच्यांनीही दाखवल्या. रिकाम्याच, त्यांचं पाणी चाक्याच्या पाठीवर होतं, आणि चाक्या मागे होता.

हाच तो, थोरलीने मनात म्हटलं. ह्यालाच माझा मुलगा पाणी आणून देतो. तिने त्याला नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं. बोलायचं तिने पुष्कळ साठवलं होतं. पण समोरचा माणूस तहानलेला होता, आणि तहानलेल्याला आधी बोलायचं आणि मग पाणी द्यायचं, असं तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं. तिने पेल्यात पाहिलं. मग ती जावेकडे वळली.

"धाकटे," ती म्हणाली, "पाणी दे."

धाकटीने टोमणा मारला नाही. ती आत गेली आणि नळ मोठा सोडला.

मग काय झालं ते गल्लीने पाहिलं. धाकटी आतून कळशी आणत होती, थोरली बाटल्या भरत होती. म्होरक्याची भरली, त्याच्या शेजारच्याची भरली. मग दुसऱ्या टीमवाल्यानेही लाजत बाटली पुढे केली; पाण्याला टीम नसते. यजमान भोकातून बाहेर आले आणि मागच्यांना बादलीने देऊ लागले. एकाने थोरलीच्या खांद्यावरची पिशवी पाहून भुवया उडवल्या. तिने ती त्याला देऊ केली, त्याने पट्टा धरला, आणि पट्टा एका टोकाने सुटला. बटाटे पायरीवरून घरंगळले.

"मी म्हणाले होते," धाकटी कळशी ओतता ओतता म्हणाली. "उसवते."

"मुद्दाम उसवेल अशी घातलीय," थोरली म्हणाली. "अडकली तर माणूस जाऊ नये म्हणून. तुला नाही कळायचं."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टाळ्या सुरू झाल्या. घोळका मधून दुभंगला. त्या वाटेने चाक्या आला, एकटा, पाठीवर बाटल्यांचा उंचवटा, हात काळे तेलाने. त्याने भोकातून आलेला बाप पाहिला, काकीच्या पायरीवर आई पाहिली, आणि आई परक्यांना पाणी वाटताना पाहिली. तो पाय टेकून उभा राहिला.

"आई, मला मिनिटच आहे."

"थांब जरा," थोरली म्हणाली. "आधी ह्याचं होऊ दे." आणि तिने समोरच्या अनोळखी स्वाराची बाटली काठोकाठ भरली. मग तिने पेला भरला आणि मुलाच्या हातात दिला.

खुर्ची पलीकडच्या घरात राहिली होती. चाक्या उभ्यानेच प्यायला. थोरलीने त्याच्या पाठीवरच्या बाटल्यांवरून हात फिरवला, कापड बघतात तसा. "जड आहे रे."

"सवय झालीय."

"जेवतोस का?"

"हो."

"जा मग. लोक खोळंबलेत."

म्होरक्या बाजूला झाला. बाकीचेही झाले. चाक्या सगळ्यांच्या मधून पुढे गेला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना त्याच्या पुढे कुणी नव्हतं. मग सगळे त्याच्या मागून गेले. शेवटी झाडू लावलेली गाडी गेली, जी मागे पडलेल्यांना गोळा करते. ती रिकामी होती.

संध्याकाळपर्यंत जावांमध्ये परत भांडण पेटलं. भोकाला दार बसवायचं की नाही यावर आधी. थोरली म्हणाली दार नको, दार असलं की कुणीतरी ते लावून घेतं, आणि कुणी ते तिने सांगितलं नाही. मग पेल्यावरून. थोरलीचा पेला सापडेना. धाकटीने घेतला असं थोरलीचं म्हणणं. असला पोचलेला पेला मी कशाला घेऊ, असं धाकटीचं. दोघी भोकाच्या दोन बाजूंना उभ्या राहून, भांडी न वाजवता, सरळ तोंडाने भांडत होत्या, आणि यजमान मधल्या विटा गोळा करत होते.

तेवढ्यात फोन आला.

"आई," चाक्या म्हणाला, "आज विचारत नाहीस? कितवा आलो?"

"पुरलं का रे पाणी सगळ्यांना?" थोरली म्हणाली.

मग चाक्या म्हणाला, "पुरलं. आई, तुझा पेला माझ्याकडेच राहिला. हातात आला तसा सवयीने पाठीला खोचला. मुक्कामाला आल्यावर कळलं."

थोरलीने फोनवर हात ठेवला आणि भोकाकडे तोंड केलं. "सापडला गं."

"कुणाकडे?" धाकटीने पलीकडून विचारलं.

"पाणक्याकडे," थोरली म्हणाली.